धुराड्यावरचे मडके मी फोडले नाही

वरवट बकालच्या एका लग्नात, पंगतीला बसलो असताना, माझ्या पाठीमागच्या रांगेतील एका अनोळखी गृहस्थाने आपल्या शेजाऱ्याला माझीच हकिगत सांगितली. सोनाळ्यात एक म्हातारा आहे. त्याच्या पोराने परदेशातून भिंतीत बसवायची गॅसची शेगडी आणली. म्हाताऱ्याला विस्तवाची धास्ती. एके दिवशी त्याने रागाच्या भरात काठीने धुराड्यावरचे नजरेचे मडके फोडले. ते पाहून म्हातारी बेशुद्ध पडली. व्याही वेळेवर धावून आला म्हणून घर वाचले.

मी मान वळवून विचारले, "म्हातारी कुठं पडली म्हणता?"

"अंगनात."

"तुमी पाह्यलं?"

"मी नाई पाह्यलं जी. पन ज्यायनं घर वाचवलं, त्यायनंच सांगतलं मले."

मी माझी ओळख दिली नाही. त्याच्या पानात नुकतीच गरम पोळी पडली होती, आणि जेवत्या माणसाची उलटतपासणी करू नये एवढे वळण मला आहे. वकिलीच्या अभ्यासक्रमाचे एकच वर्ष मी अकोल्याला काढले व नंतर वडिलांच्या संत्र्याच्या बागेत परतलो, हे खरे. पण त्या एका वर्षात मी एक गोष्ट शिकलो. खोटी साक्ष ऐकून गप्प बसणारा मनुष्य तिच्यावर सही करीत असतो. सही करण्याची माझी इच्छा नाही, म्हणून हे लिहितो.

प्रथम विस्तवाच्या धास्तीविषयी. मला धास्ती नव्हती, मला विस्तवाची माहिती होती. या दोन गोष्टींतला फरक आमच्या व्याह्यांना आयुष्यभर कळला नाही, आणि त्यांचे काही अडलेही नाही.

त्या शेगडीचे कारण माझी पत्नी होती. तिची छाती चुलीने खाल्लेली आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने पराटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, आमच्या अख्ख्या खटल्याचा स्वयंपाक केला. पराटी भडकते चटकन आणि धुमसते दिवसभर. घरात गॅस आला तेव्हा धूर घराबाहेर गेला, पण तिच्या छातीतला गेला नाही. आमचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी; पौषात डोंगरावरून जो वारा उतरतो तो विचारपूस करीत नाही. तेवढे दोन महिने ती श्वास घेत नसे, श्वासाशी भांडत असे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते: खोली उबदार हवी आणि धुराचा कणही नको, नाहीतर एखादा हिवाळा तिला पार होणार नाही. विजेचा हिटर आणला, पण तो लावायला आणि गावातली वीज जायला एकच मुहूर्त असे.

मुलगा थंड देशात नोकरी करतो. तिथे म्हणे भिंतीतच काचेच्या आड गॅसची आग असते. धूर नाही, राख नाही, ठिणगी नाही. गावातले घर तो नव्याने बांधीत होता, त्यात आईच्या खोलीसाठी त्याने असे एक फायरप्लेस बसवायचे ठरवले. गावाने त्याचे स्वागत आपल्या पद्धतीने केले. बसस्टँडवर मला एकाने अत्यंत आदराने विचारले, "भाऊ, हे मे महिन्यात उलटं फिरवता येते का? थंडं करते का मंग?" दुसरा म्हणाला, "आपल्या इकडं उन्हात पापड भाजतात, अन् हे घरात विस्तव पेरून राह्यले." पत्नीने त्या वस्तूचे नाव 'भिंतीतली चूल' ठेवले, आणि ते गावभर रुजले.

ती बसवायला पुण्याहून कारागीर आला. मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही निवांत बसा." मी बसलो नाही. यंत्रासोबत आलेली इंग्रजी पुस्तिका मी आदल्या दिवशीच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. त्याने ती आयुष्यात उघडली नसावी, कारण मी पाने उलटू लागलो की तो पाणी प्यायला जाई. तरी काम त्याचे नीट होते, हे मान्य करतो. यंत्रातील नोजल आपल्या सिलिंडरच्या गॅसला लागणारे आहे की नाही, हे त्याने मी विचारण्याआधी तपासले. तरी विचारायचे मी सोडले नाही.

व्याही याच सुमारास आले. त्यांचा परिचय करून देतो. वडनेर भोलजीचे गृहस्थ, पत्नी निवर्तलेली, जन्मभर खतांचे व फवारणीच्या औषधांचे दुकान चालवलेले. झाकण न उघडता नुसत्या वासावरून डब्यातले औषध ओळखतो, ही त्यांची प्रतिज्ञा. लेकीच्या सासरचे पाणीही पिऊ नये असे मानणाऱ्या पिढीतले. पण सून मुलासोबत परदेशात असल्याने हे लेकीचे सासर राहिले नाही, नुसते घर झाले, असा अर्थ त्यांनी लावला, आणि वास्तुशांतीच्या आधी आले ते शांती झाल्यावरही राहिले.

त्यांची पहिली सूचना चौकटीची. "इवाई, याच्या भोवती सागवानी महिरप पायजे. मोर कोरलेले. अन् वरतं देव मांडू."

"देवांना खालून शेक देणार का?" मी विचारले. पुस्तिकेत लिहिले होते की तोंडाच्या भोवती दगड, वीट, जळणार नाही असेच काही हवे, आणि लाकूड लांब. मी शहाबादी फरशी लावून घेतली. व्याह्यांनी ती पाहून "न्हाणीघरासारखं दिसून राह्यलं" असा अभिप्राय दिला. मोर वाचले.

दुसरा वाद सिलिंडरचा. त्यांचे म्हणणे, जिन्याखाली ठेवा, नजरेआड राहील. मी सांगितले की हा गॅस हवेपेक्षा जड आहे. गळला तर खाली बसतो, आणि एकदा बसला की काही पाहुण्यांप्रमाणे उठत नाही. सिलिंडर घराबाहेर, सावलीत, जाळीच्या कपाटात गेला. जोड गळतात का हे पाहायला व्याह्यांनी काडीपेटी पुढे केली. मी साबणाचा फेस. कारागिराने फेस घेतला. एका जोडावर बुडबुडा फुगला, तेव्हा सगळ्यांनी काडीपेटीकडे पाहिले, आणि ती व्याह्यांच्या खिशात परत गेली. ही गोष्ट त्यांच्या आवृत्तीत कुठेही येत नाही.

तिसरा वाद धुराड्याचा, आणि तो महत्त्वाचा. जळालेली हवा बाहेर नेण्यासाठी यंत्रातून निघालेली नळी वर चढून मागच्या भिंतीतून रस्त्याच्या बाजूला बाहेर काढली होती. भिंतीबाहेर तिचे हातभर टोक, त्यावर फटी असलेली धातूची टोपी.

"धूरच नाई म्हनता, तं धुराडं काहून?" व्याही म्हणाले. "सैपाकघरातल्या गॅसले कुठी पाइप हाय?"

"स्वयंपाकघरात खिडकी उघडी असते आणि भाकरी झाली की गॅस बंद होतो. इथं दार लावून संध्याकाळभर जळणार. जे जळतं ते हवा खातं, आणि खाल्ल्यावर काहीतरी मागे टाकतंच."

"म्हंजे गाईवानी?"

"गाईचं दिसतं, इवाई. याचं दिसत नाही आणि वासही येत नाही. म्हणून तर भिंतीवर तो अलार्म लावला आहे."

वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे अशी माझी विनंती आहे. त्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, वास नसतो. व्याही हजर असताना, त्यांच्या तोंडावर, मी हे सांगितले होते.

वास्तुशांतीला आग पेटली. काचेआड निळ्या बुडाच्या सोनेरी ज्वाळा, खोलीत आईच्या पदरासारखी ऊब. पत्नी समोर खुर्चीत बसली आणि पहिल्यांदा त्या हिवाळ्यात तिने शाल खांद्यावरून खाली सरकू दिली. मुलगा ते पाहून समाधानाने परत गेला. सूनही गेली. व्याही राहिले.

त्यानंतर लगेचच बिघडायला लागले. आग पेटे, पण ज्वाळा पिवळ्या आणि आळशी. काचेवर काजळी धरू लागली. थोडा वेळ जळून आग आपोआप विझे. यंत्र शहाणे होते. घशात काही अडकले की ते तोंड मिटत होते. व्याह्यांनी त्याचे निदान 'सिलेंडर हलकं भरलं' असे केले, आणि बटण आधी अंगठ्याने, मग पाचर मारून, दाबून ठेवून ते त्याला जबरदस्तीने पेटते ठेवू लागले. पत्नीला संध्याकाळी डोके दुखू लागले, मळमळू लागले. आम्ही ते तिच्या जुन्या दुखण्याच्या खात्यावर लिहिले.

एका संध्याकाळी मी बागेतून आलो तर खोलीचे दार बंद, व्याही बाहेर ओसरीवर दाणे खात बसलेले. आत पत्नी खुर्चीत मान टाकून बसली होती. मी हाक मारली, तर उत्तर आले ते एका शब्दाचे आणि तेही जड जिभेने. मी कॉक बंद केला, दारे-खिडक्या सताड उघडल्या आणि तिला धरून अंगणात आणले. ती चालत आली. माझा खांदा धरून, पण स्वतःच्या पायांनी. बेशुद्ध पडणे याला म्हणत नाहीत.

"हिवाळ्याची दारं उघडून राह्यले!" व्याही ओरडले. "इहीनबाईले सर्दी होईन ना!"

"अलार्म वाजला नाही का?"

"वाजला ना. परवापासून चिकचिक चिकचिक, पालीवानी. कान किटले. सेल काढून ठेवला म्या त्याचा."

मी त्यांना काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. विधीच्या महाविद्यालयात ते शिकवलेले नव्हते. पुढे त्यांनी सर्वत्र सांगितले की आपल्याला गॅसचा वास आला आणि आपण आरडाओरडा केला. ज्या वायूला वास नाही तो त्यांच्या नाकाने हुंगला, आणि ज्या घंटेला आवाज होता ती त्यांच्या कानांनी बंद केली. अशा साक्षीदारावर मी अधिक भाष्य करीत नाही. मी सेलचा उल्लेख सगळ्यांसमोर केला याचा त्यांना राग आला, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसने ते वडनेरला गेले. ही बस ध्यानात असू द्यावी, कारण मडक्याचे प्रकरण त्यानंतरचे आहे.

डॉक्टरांनी तिला तपासून घरी सोडले, पण सोडताना मला बाजूला घेऊन म्हणाले की या छातीला असा दुसरा प्रसंग सोसणार नाही. घरी येताच मी घराला फेरी मारली. मागच्या रस्त्यावर उभे राहून वर पाहिले, तेव्हा भिंतीतून एक राक्षस डोके बाहेर काढून माझ्याकडे जीभ दाखवीत होता.

नजर लागू नये म्हणून नव्या घरावर टांगतात ते काळे मडके होते ते. चुन्याचे डोळे, कुंकवाची जीभ, दोन्ही बाजूंना दात. ते कोणी टांगले नव्हते. धुराड्याच्या टोपीवर तोंडाकडून गच्च सरकवून, वर तार आवळली होती. इतके चपखल बसले होते की ते टोक मडक्यासाठीच भिंतीतून काढले आहे असे कोणालाही वाटावे. काठांतून निसटलेल्या काजळीने राक्षसाला मिशाही फुटल्या होत्या.

मी शिडी मागवली. पत्नी मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"हात नोका लावू त्याले."

"कोणी बसवलं हे?"

"म्या. रंगाऱ्याकून बसवून घेतलं. पाहुने गेले त्या दिवशीच."

"अगं, या मडक्यानंच तुझा गळा आवळला! आतली घाण बाहेर जायची वाट आहे ती."

"असन. मंग चूल नोका पेटवू. मडकं राहू द्या."

मी तिला सर्व समजावून सांगितले: ज्वाळा, हवा, नळी, वायू. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. समजलेही तिला, यात शंका नाही, कारण ती म्हणाली, "म्हंजे वाट बुजली म्हनून विष घरात आलं. समजलं मले. पन मडकं नाई निंघत."

मी सिलिंडरचे रेग्युलेटर काढून माझ्या पेटीत कुलूपबंद केले व जाहीर केले की मडके असेपर्यंत आग नाही. मला वाटले होते की थंडी माझी बाजू मांडेल. थंडीने मांडली, पण पत्नीने ऐकली नाही. ती गोधड्या घेऊन, भिंतीला पाठ लावून बसे; झोपून श्वास घेता येत नव्हता तिला. पहाटेचा तो खोकला दोन खोल्यांपलीकडे बसलेल्या माझ्या बरगड्यांत वाजे. मी हट्टी आहे, हे व्याह्यांचे एकमेव विधान मी नाकारत नाही. पण माझ्या हट्टाची किंमत दुसऱ्याच्या छातीतून वसूल होत होती. एका सकाळी चहाच्या वेळी मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"एका फुटक्या मडक्यासाठी जीव देतेस?"

"फुटकं नाई हाय ते. पाहून घेतलं म्या." खोकला ओसरेपर्यंत ती थांबली. "तुमी जलमात कदी नजर उतरू देली? पोरगं लहान होतं तवा मीठ-मोहऱ्या ओवाळाव तं तुमी हसत. म्या म्हटलं, हसू द्या. तवा पोरगं माह्या डोयासमोर होतं. आता तिकडं एकटं हाय. घर त्याचं हाय. साऱ्या गावानं डोये फाडून पाह्यलं या घराले. कोनाची नजर लागली अन् तिथं त्याले काई झालं, तं कोन पाह्यते त्याले? मी खोकलली तं खोकलली."

मी एक वर्ष वकिली शिकलो आणि सारा जन्म वाद घातला, पण या युक्तिवादात मला फट सापडली नाही. तिच्या तराजूत एका पारड्यात मुलगा होता, दुसऱ्यात तिचा श्वास, आणि ती काट्याकडे पाहतही नव्हती. मुलाला त्या मडक्याने काडीचाही उपयोग नाही, हे माझे मत तेव्हाही होते, आजही आहे. पण मत घेऊन खोली गरम होत नाही.

"इथंच का पण?" मी विचारले. "दारावर टांग. गच्चीवर टांग."

"दारावर कोन पाह्यते? लोकं रस्त्यावून जाताना काय पाह्यतात, जाऊन पाहा."

मी गेलो. मागच्या रस्त्याला, पलीकडच्या निंबाखाली उभा राहिलो. आणि प्रामाणिकपणे नोंदवतो की तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. सायकलवाला, दूधवाला, कपाशी वेचून परतणाऱ्या बाया, सगळे त्या भिंतीपाशी आले की मान वर करून त्या नळीकडेच पाहत. "काऊन बे, हे काय काढलं यायनं भिंतीतून?" "गॅसचं हाय म्हन्ते. इंग्लंडची चूल." घराला चांगले दोन मजले होते, गिलावा होता, रंग होता, त्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते. नजर नावाची वस्तू असलीच, तर ती त्या हातभर टोकावरच पडत होती.

तेव्हा मी तह केला. पुस्तिका काढून पाहिले: टोपीच्या पुढे, वर आणि बाजूंना किती जागा मोकळी हवी ते त्यात आकृतीसह दिले होते. अर्थात काळ्या मडक्याची आकृती त्यात नव्हती. इंग्रजांची घरे बिननजरेची असावीत. सांगितलेल्या अंतराच्या बरेच पलीकडे, पण रस्त्यावरून टोपीच्या आधी दिसेल अशा जागी, मी वेल्डरकडून भिंतीत लोखंडी अडणी बसवून घेतली. रंगाऱ्याने तार सोडून मडके खाली आणले. मी ते त्याच्या हातून घेतले. त्याला ओरखडाही पडला नव्हता. पत्नी खाली उभी राहून पाहत होती.

"आता चढव ते अडणीवर," मी रंगाऱ्याला म्हणालो.

"तो नाई," ती म्हणाली. "तुमी."

"मी?"

"त्यानं बांधलं तं नुसतं मडकं हाय. बापानं बांधलं पायजे."

रंगारी शिडी धरून नम्रपणे दुसरीकडे पाहू लागला. रस्त्यावर दोघे-तिघे थांबले होतेच. ज्याने उभ्या आयुष्यात देवळाची घंटा वाजवली नाही, लिंबू-मिरची पायदळी तुडवीत जो गावातून चालला, तो मी शिडीच्या पायऱ्या चढलो व त्या जीभ काढलेल्या राक्षसाला दोन्ही हातांनी अडणीवर बांधू लागलो. खालून सूचना चालू होत्या. "तोंड रस्त्याकडं. अजून थोडं. तार आवळा जी, वारं लागते तिथं."

रस्त्यावरचा एक जण म्हणाला, "भाऊ, कुंकू लावा ना वरतं."

"तुझ्या कपाळाला लावतो, खाली येऊ दे," मी म्हणालो, आणि गाठ मारली.

व्याह्यांच्या आवृत्तीतला काठी घेतलेला, मडकी फोडणारा म्हातारा माझ्यापेक्षा रुबाबदार आहे, हे मला कळते. गावातल्या तरुण सुधारकांना तोच आवडतो. एकाने तर त्याबद्दल माझा सत्कार करायचे घाटले होते. मी त्याला परत पाठवले. मडके मी फोडले नाही. मी ते बांधले.

मग पुण्याच्या कारागिराला बोलावले. त्याने नळी खरवडून काढली, काजळी झाडली, आगीची तोंडे तपासली. अलार्ममध्ये नवा सेल मी स्वतः घातला. सगळे जोड पुन्हा साबणाच्या फेसाने न्हाले. त्यानंतरच मी पेटीतून रेग्युलेटर काढले.

त्या संध्याकाळी ज्वाळा पुन्हा निळ्या बुडाच्या निघाल्या. पत्नी खुर्चीत बसली. मी खिडकीशी, जाळीतून वारा येतो की नाही हे पाहायला हात धरून.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मडकं वाकडं बांधलं तुमी. एक डोया आभायात पाहून राह्यला त्याचा."

"त्यालाही माझ्यासारखंच देवाचं दर्शन होत नसेल. शोधत असेल बिचारा."

तिला हसू आले. हिवाळ्यात ती हसणे टाळत असे, कारण हसू अर्ध्यात खोकला होऊन जाई. त्या दिवशी ते आले, चांगले लांबले, आणि आपल्या आपण थांबले. आम्ही दोघेही खोकल्याची वाट पाहत थांबलो. तो आला नाही.

"खुर्ची मांगं घ्या माही," ती म्हणाली. "लय गरम होऊन राह्यलं."

मी उठून खुर्ची मागे घेतली.